फोरमनचा कौल

चाकणच्या अलीकडं आमच्या दाजींचं शेत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, भिमाजी. शेत आहे असं मी म्हणतो खरा, पण रस्त्यावरून बघाल तर तुम्हांला नुसत्या कंपन्या दिसतील. एका अंगाला गाड्यांचे पत्रे दाबणारी कंपनी, दुसऱ्या अंगाला त्या पत्र्यांना रंग देणारी, तिसऱ्या अंगाला रंगवलेल्या गाड्या उभ्या करायचं आवार, आणि चौथ्या अंगाला नाल्याची काँक्रीटची भिंत. ज्यानं त्यानं आपापली भिंत घातली आणि दाजींच्या शेताला चारी बाजूंनी फुकटात कुंपण झालं. बाहेर पडायला दोन भिंतींमधला एक बोळ तेवढा उरला. तो इतका अरुंद की समोरून म्हैस आली तर एकानं मागं सरायचं, आणि म्हैस कधी मागं सरत नाही.

भंगारचोरांच्या भीतीनं दाजींनी बोळाच्या तोंडाला पत्र्याचं दार बसवलं. चोर थांबले की नाही देव जाणे, पण त्यानंतर कुत्रं, मांजर, मुंगूस यांतलं काही आत आलं नाही. घारीसुद्धा हायवेच्या ढाब्यांवर पोट भरून लोळत पडायच्या.

आत मंजुळाक्काच्या कोंबड्या. मंजुळाक्का म्हणजे माझी बहीण. ती गेली, तिच्या कोंबड्या राहिल्या. भिंती व्हायच्या आधी या गावरान कोंबड्या दिवस मावळला की लिंबावर जाऊन बसायच्या. आता त्या उडत नाहीत. तिन्हीसांजेला ओसरीपुढं मातीतच बसतात, जणू अंगणात वाळत घातलेली भांडी. अंगानं गलेलठ्ठ, पंख पोलक्याच्या बाहीएवढे, आणि पाय म्हणाल तर पैलवानाचे. एकदा समाधानची, म्हणजे माझ्या भाच्याची, मोटरसायकल सुरू होईना तेव्हा यांतल्याच एका कोंबडीनं तिला किक मारून दिली. समाधान हे नाकारतो. तो कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला सगळंच नाकारायची सवय आहे.

या गोतावळ्याचा मुख्य कोंबडा फोरमन. तो पहाटेला आरवत नसे, कंपनीच्या भोंग्याला आरवे. पहिल्या शिफ्टला एकदा, दुसऱ्या शिफ्टला एकदा, तिसऱ्या शिफ्टला एकदा. रविवारी सुट्टी.

आता हे सगळं ऐकायला गमतीचं वाटतं. राहायला गमतीचं नव्हतं. पत्रे दाबायची मशिनं रात्रंदिवस ठक्क-ठक्क करायची आणि तो ठोका जमिनीतून अंथरुणात यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर रंगाची पूड बसायची. गॅसचं सिलिंडर बोळातून गडगडत आणायचं ते समाधानची बायको स्वप्नालीनं, कारण समाधान शिफ्टला नाहीतर शिफ्टवरून येऊन झोपलेला. ही पोरगी जुन्नरकडची, प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा कशी लुसलुशीत मेथीच्या जुडीसारखी होती. पाच-सहा वर्षांत तीच जुडी दुपारी बाजार उठताना दिसते तशी दिसायला लागली.

वास्तविक यांचा पिंपळे गुरवला फ्लॅट होता. शेताचा एक तुकडा रस्त्यात गेला, त्याच्या बदल्यात आलेल्या पैशातून घेतलेला. लिफ्ट, नळाला पाणी, खाली झोपाळा, समोर बालवाडी. कुलूप लावून पडलेला होता. का, तर म्हसोबा कौल देत नव्हता.

कौलाची रीत अशी. लिंबाच्या बुडाशी शेंदराचा म्हसोबा आहे. दाजींच्या पणज्याच्या वेळी गावात प्लेग आला. घर सोडून रानात जावं की न जावं, यावर घराण्यात भांडण लागलं. तेव्हा पणज्यानं दसऱ्याच्या दिवशी म्हसोबापुढं जोंधळ्याची रास घातली आणि याच जागेत जन्मलेला कोंबडा सोडला. कोंबडा उडून लिंबावर बसला तर देव म्हणतो निघा. खाली दाणे टिपत राहिला तर देव म्हणतो थांबा. कोंबडा उडाला, घराणं रानात गेलं आणि वाचलं. तेव्हापासून मोठं काही असलं की दसऱ्याला कोंबडा सोडायचा. सोडल्यावर कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, हाकलायचं तर मुळीच नाही.

स्वप्नाली लग्न होऊन आल्यापासून दर दसऱ्याला कोंबडा सोडत होते. कोंबडा दर दसऱ्याला दाणे टिपत होता.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला मी पुनावळ्याहून मुद्दाम गेलो होतो. फोरमनला गुलाल लावला, हळद लावली, राशीपुढं सोडला. फोरमननं एकदा मान वर करून लिंबाकडं बघितलं. एखादा माणूस बंद पडलेल्या लिफ्टकडं बघतो तसं. मग निवांत पाय पसरून त्यानं जेवायला सुरुवात केली.

“थांबा म्हनतोय,” दाजी म्हणाले.

“दाजी, तो थांबा म्हणत नाही. तो आणखी वाढा म्हणतोय.”

“तुमाला सगळीच चेष्टा हाय, पाव्हणं.”

स्वप्नाली परात उचलून आत गेली. हातात परात होती म्हणून बरं. तिच्या चेहऱ्याकडं बघून मला वाटलं, दुसरं काही असतं तर फोरमनला लागलं असतं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी कुणी तरी पत्र्याचं दार उघडं ठेवलं आणि अपेक्षा बाहेर गेली. अपेक्षा म्हणजे यांची पोरगी, चार वर्षांची. जन्मापासून तिनं कोंबड्या, आजोबा आणि भिंती बघितलेल्या. बाहेर जायची ती आईच्या कडेवर, परत यायची ती बापाच्या मोटरसायकलच्या टाकीवर. अंगणात कोंबडीपेक्षा जोरात धावणारं काही नसे, आणि कोंबडी आपल्याला चुकवून जाते हे तिला पक्कं ठाऊक.

पोरगी बोळातून चालत गेली ती थेट सर्व्हिस रोडच्या मधोमध. समोरून टँकर आला. हॉर्न दिला. पोर पळाली नाही, रडली नाही, जागच्या जागी उभी राहिली. टँकरवाला भला माणूस, त्यानं ब्रेक असा दाबला की त्याचं अर्धं पाणी रस्त्यावर सांडलं. स्वप्नाली पोचली तेव्हा पोर ओलीचिंब उभी आणि टँकरवाला तिच्यापुढं गुडघे टेकून बसलेला.

“ताई,” तो म्हणाला, “हिला भीती कशी नाही वाटली हो?”

त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा स्वप्नाली ओसरीच्या पायरीवर बसली होती. अपेक्षा तिच्या मांडीवर झोपलेली. पुढं कोंबड्या मातीत बसत होत्या, एकेक करून, दिवसभराचं काम संपलेल्या बायकांसारख्या.

“मामा,” ती म्हणाली, “तुम्ही आयुष्यभर थापा मारल्या. आता मी एक सांगते, ती खरी आहे.”

“सांग बाई. बदल म्हणून खरंही ऐकेन.”

“मॉरिशस बेटावर डोडो नावाचा पक्षी होता. कबुतराच्या कुळातला. त्याचे पूर्वज उडतच आले होते तिथं. पण खायला खाली मिळतंय, मारणारं कुणी नाही, मग उडायचं कशाला? उडायला छातीत मांस लागतं, ते पोसायला दाणा लागतो. फुकटचा खर्च. पिढ्या गेल्या, पंख आखूड झाले, अंग वाढलं. मग एक दिवस जहाजं आली. माणसं, डुकरं, उंदीर. डोडो पळालाच नाही. पळायचं असतं हे ठाऊकच नव्हतं त्याला.”

“मग?”

“मग काय. संपला.”

भोंगा झाला. फोरमन आरवला. ती तो संपेपर्यंत थांबली. त्या घरात सगळ्यांनाच तशी सवय होती.

“न्यूझीलंडला काकापो नावाचा पोपट आहे. तोही उडत नाही. धोका दिसला की जागेवर थिजून उभा राहतो. तिथं पूर्वी फक्त वरून झडप घालणारे पक्षी होते, हललं नाही की त्यांना दिसायचं नाही. तेव्हा ते बरोबर होतं. मांजर वासावर येतं, मामा. मांजरापुढं थिजून काय उपयोग?” तिनं अपेक्षाच्या केसांतला वाळलेला चिखल चोळून काढला. “ही आज तशी उभी होती.”

मी अपेक्षाकडं बघितलं, मग कोंबड्यांकडं.

“पण कोंबड्यांचं तसं कसं म्हणशील?” मी म्हणालो. “डोडोला लाखो वर्षं मिळाली असतील. या भिंतींना वीस-बावीस वर्षं झाली.”

“एवढ्यात पंख झडत नाहीत, खरंय. पण निवड तर होते ना? जी कोंबडी उडून भिंतीवर बसली ती पलीकडं उतरली. पलीकडं गेलेली कोंबडी परत आलेली तुम्ही कधी बघितलीय?”

मला पलीकडून, ठेकेदाराच्या माणसांच्या पत्र्याच्या खोल्यांतून, रविवारी येणारा रश्श्याचा वास आठवला. इतकी वर्षं तो वास घेऊन मी सुगरणीचं कौतुक करत आलो होतो.

“उडणाऱ्या सगळ्या गेल्या,” स्वप्नाली म्हणाली. “ज्यांना उडता येत नव्हतं त्यांनी अंडी घातली. त्यांच्या पिल्लांतून पुन्हा उडणारी गेली. आता ही राहिलीत. आणि आबा यांना विचारतायत, आम्ही निघू का.”

“आणि तू म्हणतेस वीस वर्षांत इतकं—”

“शास्त्रात बसत नाही पूर्ण. पण फोरमनकडं बघा.”

“बसवायला काय झालं? चाकणला सगळं ओव्हरटाइमवर चालतं.”

ती हसली. किती तरी दिवसांनी हसली असावी, कारण हसता हसता तिला खोकला आला. मग म्हणाली, “हिंदी महासागरात अल्डाब्रा म्हणून बेट आहे. आपल्या पाणकोंबडीच्या कुळातला एक पक्षी तिथं उडत आला आणि उडणं विसरला. समुद्र चढला, बेट बुडालं, सगळे मेले. हजारो वर्षांनी बेट पुन्हा वर आलं. त्याच जातीचे पक्षी पुन्हा उडत आले आणि पुन्हा उडणं विसरले.”

“दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा.”

“आमच्या दाजींच्या भावकीतले दिसतात.”

“आबांना सांगू का हे?”

“सांगून बघ.”

तिनं सांगितलं. जेवताना, ताट वाढून, सगळं नीट. दाजींनी भाकरी कुस्करत शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाले, “त्या बेटावर म्हसोबा व्हता का?”

“नाही, आबा.”

“मंग?”

विषय संपला.

संक्रांतीला स्वप्नाली माहेरी गेली. परत आली तेव्हा तिच्या पिशवीत तिळगुळाच्या डब्याखाली कोंड्यात पुरलेली अंडी होती. तिच्या माहेरी कोंबड्या अजून आंब्यावर झोपतात, कारण खाली बिबट्या फिरतो. बिबट्याच्या शाळेत शिकलेल्या कोंबड्या त्या. इथली एक कोंबडी खुडूक होऊन बसलेली होती. स्वप्नालीनं तिच्या पोटाखालची अंडी काढून ही सारली.

“याच जागेत जन्मलेला कोंबडा पाहिजे ना? इथंच जन्मेल,” ती मला म्हणाली. “मामा, तोंडाला कुलूप.”

मला कुलूप! दोन-तीन महिने मी देहूच्या बाजाराला जायचं सोडलं, तिथं माझे श्रोते भेटतात म्हणून. गुपित पोटात ठेवून मला ॲसिडिटी झाली. डॉक्टर म्हणाला तिखट कमी करा. त्याला काय सांगणार?

पिल्लं झाली. त्यांतला एक नर वेगळा निघाला. अंगानं सडपातळ, भुरका, डोळा सदा वर. पण वाढला तो या वजनदार मावशांच्या संगतीत. त्यांच्याबरोबर मातीत बसायचा, त्यांच्यासारखा जडपणे चालायचा. उन्हाळा सरला, पाऊस सरला, तरी गडी जमिनीवरच. स्वप्नाली रोज संध्याकाळी भांडी घासता घासता त्याच्याकडं बघायची. पुढं पुढं तिनं बघायचंही कमी केलं. अपेक्षाला मात्र ती रोज बोळाच्या तोंडाशी नेऊन उभी करायची. हा ट्रक, हा टेंपो, ही बस. आधी इकडं बघायचं, मग तिकडं, मग परत इकडं. पोरगी घोकायची.

एकदा मात्र, पितृपंधरवड्यात, पलीकडच्या कंपनीत काही तरी धाडकन पडलं, आणि भुरका अंगणातून उठला तो सरळ पन्हळीच्या पत्र्यावर. सगळ्या कोंबड्या माना वर करून त्याच्याकडं बघत राहिल्या. दाजी बाजेवर पडले होते. त्यांनीही बघितलं. मी दाजींकडं बघितलं. ते कुशीवर वळले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

दसरा आला. आपट्याची पानं, झेंडू, सगळं झालं. समाधान तिसरी शिफ्ट करून आला होता, तो लिंबाला टेकून उभ्या उभ्या झोपत होता. अपेक्षा आईचा पदर धरून. डालग्याखाली दोन कोंबडे झाकलेले, फोरमन आणि भुरका. रीतीप्रमाणं घरातला थोरला कोंबडा सोडायचा. म्हणजे फोरमन. स्वप्नालीनं पहाटेपासून चारदा म्हणून बघितलं होतं, आबा, फोरमन दमलाय, यंदा तरणा सोडू. दाजींनी हूं की चूं केलं नव्हतं.

दाजी डालग्याशी उकिडवे बसले. हात आत घातला. फोरमन आपणहून पुढं आला. दर वर्षीचं काम, त्याला ड्यूटी पाठ. दाजींनी तळहातानं त्याचं डोकं हळूच मागं लोटलं. पुन्हा आला, पुन्हा लोटलं. मग मागं हात घालून भुरक्याला बाहेर काढलं, कुणाकडंही न बघता मंजुळाक्काच्या पितळी ताटातला गुलाल त्याला लावला, आणि ताट हातात धरून मागं सरले.

स्वप्नालीनं माझं मनगट धरलं. बांगडी रुतली माझ्या हातात.

भुरका राशीपुढं उभा राहिला. लिंबाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली आणि एक दाणा उचलला. मग दुसरा. मावशांनी वाढवलेलं पोर ते. जेवायचं ताट समोर असताना उडायचं कशाला? स्वप्नालीची पकड सैल झाली. तिनं डोळे मिटले. मी बघितलं, ती रडत नव्हती. तेवढंही त्राण तिच्यात उरलेलं नव्हतं.

आणि दाजींच्या हातातलं पितळी ताट खाली पडलं.

फरशीच्या तुकड्यावर असं वाजलं की कंपनीचा भोंगा लाजावा. भुरका फडफडत उठला, पहिल्या फांदीला धडकला, दुसरीवर तोल सावरला आणि शेंड्याकडं चढत गेला. समाधान जागा होऊन म्हणाला, “शिफ्ट सुटली का?”

“कौल मिळाला,” दाजी म्हणाले. आवाज असा, की जसं कुणी ओझं उतरवून जमिनीवर ठेवावं.

माझे दाजी भरलेली पखाल एका हातानं उचलायचे. त्यांच्या हातून आजवर पेला निसटलेला मी पाहिला नाही. स्वप्नाली आत जाऊन देवापुढं बसली, तेव्हा मी त्यांच्याजवळ सरकलो.

“दाजी, हा कोंबडा कुठला हो?”

“हितंच जल्मला.”

“आणि अंडं?”

“अंडं कुटलं म्हनून म्हसोबानं इचारलं न्हाई, तुमी कशापाई इचारताय?” त्यांनी ताट उचलून धोतराला पुसलं. “आमच्या कोंबडीचं अंडं मला वळकू येत न्हाई व्हय, सोपान? सुनेनं सारलं त्याच सांजंला बघितलं म्या.”

“मग इतके महिने बोलला नाहीत?”

“काय बोलू? तुमची भैन हितं गेली. तिच्या म्हसोबापुढं मी आपल्या तोंडानं कसं म्हनू, की आता मला ह्यो ठक्क-ठक्क सोसत न्हाई, मला बी जायचंय?” ते लिंबाकडं बघत होते. “दर साली वाटायचं, आवंदा उडंल. मेला कदी उडलाच न्हाई.”

हे मी होतं तसंच सांगतोय. काही गोष्टींना मीठमसाला लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. समाधाननं टेंपो सर्व्हिस रोडच्या पलीकडं लावला होता. सामान गेलं. कोंबड्यांना डालग्यात कोंबायची गरजच पडली नाही, त्या दाजींच्या मागून रांगेनं बोळातून चालत आल्या, पुढं फोरमन. बोळाच्या तोंडाशी एक कुत्रं बसलेलं. फोरमन सरळ त्याच्या नाकाशी जाऊन उभा राहिला आणि त्याला निरखू लागला. त्या कुत्र्याला जन्मात असं कुणी भेटलं नसावं. ते शेपूट घालून जे पळालं ते, म्हणतात, आळंदीला जाऊन माळकरी झालं. मी झटकन सगळ्यांना डालग्यात भरून टेंपोकडं नेलं. पुढचं कुत्रं असं भाविक निघेलच, असं नाही.

भुरका तेवढा मागं राहिला. शेंड्यावरून काही उतरला नाही. ज्याला जाता येत होतं तो तिथंच बसला, आणि ज्यांना येत नव्हतं ते टेंपोत बसले.

डालगं ठेवून मी मागं वळलो तर दाजी. डोक्यावर मंजुळाक्काचं पितळी ताट, हातात काठी, आणि म्हातारा आपल्या वावरातून चालावं तसा सर्व्हिस रोडवर उतरत होता. उजवीकडं बघणं नाही, डावीकडं बघणं नाही. तसे ते रस्त्याला येत नव्हते असं नाही, पण कुणाच्या तरी गाडीवर मागं बसून. पायी रस्ता ओलांडून त्यांना किती वर्षं झाली असतील, त्यांनाही सांगता आलं नसतं. कंटेनरनं हॉर्न दिला. दाजी जागच्या जागी थिजले.

स्वप्नाली माझ्याजवळ, टेंपोच्या बाजूला, दोन्ही हातांत पिशव्या.

बोळाच्या तोंडाशी अपेक्षा उभी होती. तिनं पाऊल पुढं टाकलं नाही. नुसता हात लांब केला, दाजींच्या धोतराचा सोगा पकडला आणि सगळं अंग मागं टाकून ओढलं. दाजी एक पाऊल मागं आले, दुसरं आले. कंटेनर धूळ उडवत गेला.

“आबा, असं नाही जायचं,” ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता. पोरगी घाबरली होती, चांगली घाबरली होती, आणि रस्त्याच्या या बाजूला तिची आई ते बघून मटकन टेंपोच्या पायरीवर बसली. “आधी इकडं बघायचं. मग तिकडं. मग परत इकडं.”

“बरं बाई,” दाजी म्हणाले. आणि त्यांनी इकडं बघितलं.